ऱ्हास सांगणारे इंग्रजी वाक्प्रचार : कोणता कुठे शोभतो?

प्रश्न
एका इंग्रजी अहवालात ग्राहकसेवेविषयी लिहिताना मी ‘हॅज गॉन टू द डॉग्ज’ असा प्रयोग केला होता. वरिष्ठांनी तो खोडून साधे ‘हॅज डिक्लाइन्ड’ लिहिले. शब्दकोशात ‘गो टू द डॉग्ज’, ‘गो टू सीड’, ‘गो डाउनहिल’, ‘ऑन इट्स लास्ट लेग्ज’ या सर्वांपुढे थोड्याफार फरकाने ऱ्हास हाच अर्थ आढळतो. मग यांतला भेद ओळखायचा कसा?

प्रतिसाद १
प्रत्येकामागचे चित्र वेगळे आहे आणि वापराची मर्यादा बहुधा ते चित्रच ठरवते. ‘गो टू सीड’ हा बागेतला प्रयोग आहे : लेट्यूस किंवा पालक वेळेवर खुडला नाही, तर त्याला तुरा येतो, झाडाची सारी शक्ती बियांकडे वळते आणि पाने कडवट होतात, म्हणून निगा न राखल्यामुळे रया गेलेल्या वास्तूला किंवा स्वतःची हेळसांड केलेल्या माणसाला तो शोभतो, घसरलेल्या विक्रीला नाही. ‘ऑन इट्स लास्ट लेग्ज’ म्हणजे आपल्याकडचे घरघर लागणे. त्यात शेवट जवळ आल्याचे सूचन असते. ‘ऑन द वेन’ हा कृष्णपक्षातल्या चंद्राशी जोडलेला असून प्रभाव किंवा लोकप्रियता यांना लागलेली ओहोटी तो निंदा न करता सांगतो. ‘गो टू द डॉग्ज’ मात्र वैतागाचा उद्गार आहे. ‘पार वाटोळे झाले’ असे आपण मराठी अहवालात तरी लिहिले असते का?

प्रतिसाद २
‘डाउनहिल’ जपून वापरावा. ‘गो डाउनहिल’ म्हणजे बिघडत जाणे हे खरे. परंतु ‘इट्स ऑल डाउनहिल फ्रॉम हिअर’ याचा अर्थ ‘आता पुढे सगळे सोपे आहे’ असाही होतो, कारण उतारावर श्रम पडत नाहीत. संदर्भ स्पष्ट नसेल, तर वाचक नेमका उलटा अर्थ घेईल.

प्रतिसाद ३
थोडे विषयांतर वाटेल, पण यांतल्या क्रियापदाकडेही पाहावे. इंग्रजीत बिघडणाऱ्या गोष्टी बहुधा ‘गो’ करतात, जसे ‘गो बॅड’, ‘गो रॉन्ग’; मनासारख्या घडणाऱ्या ‘कम’ करतात, जसे ‘कम ट्रू’. मराठीतही माणूस रसातळाला जातो, कष्ट वाया जातात, राज्य लयाला जाते. उलट व्यवसाय भरभराटीला येतो आणि लेखक नावारूपाला येतो. बोलणारा जिथे उभा असतो, तिथून दूर जाणे म्हणजे बिघडणे, अशी ही कल्पना असावी.

प्रश्नकर्ता
‘जम्प द शार्क’ अहवालात चालेल का?

प्रतिसाद १
नाही. ‘हॅपी डेज’ या अमेरिकन मालिकेच्या १९७७ मधील एका भागात फॉन्झी हे पात्र पाण्यावर स्की करताना शार्कच्या वरून उडी मारते, त्यावरून तो रूढ झाला. कल्पना आटल्यावर ओढूनताणून केलेल्या करामतीपासून लागलेली उतरती कळा त्याने सांगतात. तो प्रामुख्याने मालिकांबद्दलच वापरावा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. ‘ऑन द वेन’ बसवून पाहिला. परंतु ग्राहकसेवा म्हणजे प्रभाव नव्हे, त्यामुळे तोही जुळला नाही. वरिष्ठांचे ‘डिक्लाइन्ड’च कायम ठेवत आहे.