तलावावर मोबाईल पुरतो म्हणणाऱ्यांसाठी

गळकरी: काल इथे एकाने लिहिलं, ‘खिशात मोबाईल असताना हातातला जीपीएस वेगळा घेणं म्हणजे पैसे पाण्यात.’ वाचून गप्प बसवेना. हे साहेब होडीत कधी बसलेत का? हाताला माशाचा बुळबुळीतपणा, स्क्रीनवर चार थेंब, आणि तेवढ्यात पॉइंट, म्हणजे मासे लागलेली जागा, सेव्ह करायचाय. बोट एकीकडे, नकाशा पळतो भलतीकडे. भर दुपारी तर स्क्रीनवर स्वतःचंच तोंड दिसतं. बटणांचं यंत्र ओल्या हातानेही चालतं आणि उन्हात उलट जास्त स्वच्छ दिसतं. एए सेल बदलले की पुन्हा सुरू. घेताना रंगीत नकाशांना भुलू नका, बटणं आणि सेल बघा.

खिशातलाच बरा: ते साहेब मीच. होडीत बसतो, काळजी नसावी. रेंज नसली तरी मोबाईलचा जीपीएस चालतो, नकाशा आधी उतरवून ठेवायचा एवढंच. वॉटरप्रूफ पिशवी आणि पॉवर बँक, विषय संपला. उघड्या आभाळाखाली दोन्हींची अचूकता साधारण तीन ते पाच मीटरच. मग जादा पैसे कशाचे, बटणांचे?

तळाला गेलेला: दोघंही मुद्द्याचं बोलत नाही. तरंगतो का ते बघा! आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल, एवढंच. माझं यंत्र आयपीएक्स७ होतं आणि अजूनही कोरडं असेल कदाचित, पण ते बघायला खाली कोण जाणार? गार्मिन कंपनीची जीपीएसमॅप ७९ मालिका तरंगते, त्यांचाच ईट्रेक्स बुडतो. ईट्रेक्स घेणार असाल तर दोरीने जॅकेटला बांधा. होडीला नको, जॅकेटला.

वारा पाठीशी: आणि कंपास? ईट्रेक्स २२एक्समध्ये इलेक्ट्रॉनिक कंपास नाही, ३२एक्समध्ये आहे. नसला तर तुम्ही चालते असाल तरच यंत्राला दिशा कळते. जागेजवळ येऊन मोटर बंद केली, होडी नुसती वाऱ्यावर वाहायला लागली, की बाण गरगर फिरतो. नेमका तेव्हाच तो हवा असतो.

उपाशी बगळा: यंत्र कुठलंही घ्या, इथले लोक पॉइंटच खोटे देतात. मागे एकाने बुडालेल्या झाडांची जागा दिली. सकाळभर गळ टाकून बसलो, खाली नुसता सपाट चिखल. द्यायची नव्हती तर सरळ नाही म्हणायचं.

वारा पाठीशी: तो पॉइंट माझा. अक्षांशात ३०.५० मिनिटं लिहिलं होतं. तुम्ही ३० मिनिटं ५० सेकंद भरलं ना? अर्धा मिनिट म्हणजे ३० सेकंद. वीस सेकंदांचा फरक म्हणजे सहाशे मीटर. झाडं तिथेच आहेत, तुम्ही नव्हतात.

उपाशी बगळा: मग कुठल्या पद्धतीने लिहिलंय ते सांगायला काय झालं होतं?

वारा पाठीशी: सांगितलं होतं, त्याच ओळीत. सेटिंगमध्ये एकदा बदलायचं असतं. फुकटची जागा, वर शिव्या.

उपाशी बगळा: शिव्या दिल्याच नाहीत अजून. तुमच्यासारखे उपकार करणारे फार पाहिलेत.

खिशातलाच बरा: भांडा, भांडा. मोबाईलवर लिंक दाबली असती तर आकडे भरायची वेळच आली नसती.

गळकरी: आणि तीच लिंक पुढे गेली की संध्याकाळी त्या झाडांवर होड्यांची रांग. माझे पॉइंट यंत्रात आहेत, यंत्र माझ्याकडे आहे. बरं बगळेराव, त्याच आकड्यावर गेलात तरी खाली झाड आहे की चिखल हे जीपीएस सांगत नाही. त्याला सोनार लागतो, आवाजाच्या लहरींनी तळ दाखवणारा. पाणी उतरलं की गेल्या मोसमाचा चांगला पॉइंट काठावर आलेला असतो.

खिशातलाच बरा: म्हणजे जीपीएस घ्या, सोनार घ्या, दोरी घ्या, सेल घ्या. मासा बाजारातून घेतलेला स्वस्त पडेल. ओल्या बोटांचं मात्र कबूल, काल पिशवीतून फोन लागेना तेव्हा तुमची आठवण आली. चांगली नव्हे. तरंगणारा एखादा जुना मिळाला तर बघतो, पण फोन काठावर ठेवणार नाही.

तळाला गेलेला: जुना घेताना सेलच्या कप्प्याचं झाकण उघडून रबर बघा. तडे असले तर तरंगेल, पण आत पाणी घेऊन.

उपाशी बगळा: वारा पाठीशी, तो पॉइंट सेकंदांत लिहून टाका.

वारा पाठीशी: आता नाही टाकत.