सगळ्या सभासदांचा मोबाईल नंबर २१४७४८३६४७ कसा काय झाला?

इतवारीचा कारकून
राम राम मंडळी. इतवारीतल्या एका लहान पतसंस्थेत कारकून आहे. कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर टॅली आणि यूट्यूब. आमचं सॉफ्टवेअर (पीएचपी भाषेत लिहिलेलं, डेटा मायएसक्यूएल डेटाबेसात) ज्या पोरानं बनवलं तो पुण्याला गेला, तेव्हापासून ते माझ्या गळ्यात.

मुदत ठेव संपायच्या आठ दिवस आधी सभासदाला एसएमएस जावा म्हणून एक्सेलमधले सहाशे सभासद नव्या टेबलात चढवत होतो. घरच्या लॅपटॉपवर चढेचनात, सारखं 'आउट ऑफ रेंज', म्हणजे आकडा मर्यादेबाहेर. ऑफिसच्या जुन्या सर्व्हरवर मात्र निमूट चढले. म्हटलं लॅपटॉपच खराब आहे. सोमवारी मेसेज सोडले, एकही गेला नाही. टेबल उघडून पाहतो तर वरून खालपर्यंत एकच नंबर, २१४७४८३६४७. शाबूत कोण, तर ज्यांचा अजून सात आकडी लँडलाईन आहे ते चार-पाच म्हातारे.

अध्यक्ष म्हणाले, "कोण आहे हा माणूस? लावा त्याला फोन." आता खोटं काहून बोलू, मी लावला पण.

मोबाईलचा कॉलम इंट, म्हणजे पूर्णांकाचा आहे, कंसात ११. मोबाईल तर दहाच आकडी, मग काहून नाही बसला? बिगइंट, म्हणजे मोठा इंट करू का? आणि खाते नंबर, आधार, रक्कम कशात ठेवू? रक्कम सध्या फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकडे अंदाजे धरणाऱ्या प्रकारात आहे.

धरमपेठची डीबीए
भाऊ, तुमचा लॅपटॉप चांगला आहे, खोटारडा सर्व्हर आहे.

कंसातल्या ११ चा आणि जागेचा काही संबंध नाही. तो फक्त दाखवताना किती रुंद दाखवायचं यासाठी होता, मायएसक्यूएल ८ मध्ये तर तो मोडीतच काढायला घेतला. इंट म्हणजे चार बाइट, त्यात सगळ्यात मोठा आकडा बसतो २१४७४८३६४७. आपले मोबाईल ६, ७, ८, ९ ने सुरू होतात, म्हणजे झाडून सगळे त्याच्या वर. तुमच्या लॅपटॉपवर स्ट्रिक्ट मोड, म्हणजे न बसणारा आकडा नाकारायची सेटिंग चालू आहे, मायएसक्यूएल ५.७ पासून तो आपोआप चालूच येतो. म्हणून त्याने दारातच अडवलं. सर्व्हरवर कोणीतरी तो बंद केलाय. मग तो काय करतो, पोतं भरेल तेवढं भरतो, एक वॉर्निंग टाकतो आणि पुढे जातो. ती वॉर्निंग कोण वाचतं?

बिगइंट केलात तर मोबाईल बसेल, तो १९ आकड्यांपर्यंत जातो. पण करू नका. दोन सभासदांच्या मोबाईलची बेरीज करायची वेळ तुमच्यावर कधी आली का? नाही ना. मग तो आकडा नाहीच, ते नाव आहे. मोबाईल व्हारचार १५, म्हणजे १५ अक्षरांपर्यंतचा मजकूर करा, देशाचा कोड धरूनही त्याच्या वर जात नाही. खाते नंबर व्हारचार २०. आधार पूर्ण साठवूच नका, शेवटचे चार पुरे.

फ्लोट मात्र आजच काढा, डेसिमल १२,२ करा, म्हणजे एकूण बारा आकडे, त्यातले दोन पैशांचे, आणि नेमके. १,३१,०७२ रुपयांच्या पुढे फ्लोटला एकेक पैसा वेगळा ओळखता येत नाही. तुमचा ऑडिटर अजून बोलला नाही हे नशीब.

आणि टेबलात जे २१४७४८३६४७ झालंय त्यातून जुना नंबर परत निघत नाही. मूळ एक्सेल जपून ठेवा.

०७१२
ताईंच्या नावावाल्या मुद्द्यावर आमचा एक किस्सा. फॉर्मवर डीफॉल्ट एसटीडी कोड यावा म्हणून आमच्या पोराने पीएचपीत ०७१२ लिहिला, अवतरणचिन्हं न लावता. स्क्रीनवर आलं ४५८. दोन दिवस सगळे डोकं खाजवत. पीएचपीत आकड्याच्या आधी शून्य लावलं की तो आठच्या पाढ्याने मोजतो: सात चौसष्टे ४४८, एक आठ, वर २. अख्खं नागपूर ४५८ झालं राजेहो. कॉलम इंट असता तर शून्य गळून नुसतं ७१२ उरलं असतं, तेवढंच.

इतवारीचा कारकून
ताई, मोबाईल सुधरले. एक्सेलवरून पुन्हा चढवले, बरोबर आले.

पण आता दुसरंच निघालं. एनईएफटीसाठी सभासदांचे बाहेरच्या बँकांचे खाते नंबर त्याच एक्सेलमध्ये आहेत. त्यातले सोळा आकडी जेवढे आहेत, सगळे शून्यावर संपून राहिले. सगळे! आणि काहींच्या समोरचं शून्यच नाही.

धरमपेठची डीबीए
अरे देवा. एक्सेल १५ आकडेच धरतं, सोळाव्याच्या जागी शून्य मांडतं. टाइप करून एंटर मारलं त्याच क्षणी तो आकडा गेला. नंतर सेलचा फॉरमॅट टेक्स्ट केला तरी येत नाही, टाइप करायच्या आधी करावा लागतो. त्यातून सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांची साधी फाइल करून उघडझाक केली असेल तर ६.०१ई+१५ असलेही सापडतील. या नंबरांवर एक रुपयाही पाठवू नका. कागदावरूनच भरावे लागणार.

आणि भरल्यावर क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला माहिती विचारताना, खाते नंबर अवतरणात लिहा. व्हारचार कॉलमला नुसत्या आकड्याशी ताडलं की मायएसक्यूएल दोन्ही बाजू दशांश आकडे करून पाहतो. इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, तर वापरत नाहीच, वर शून्यवालं आणि बिनशून्यवालं खातं त्याला एकच. सोळाच्या पुढे आकडे गेले की जवळजवळची दोन वेगळी खातीही सारखी निघू शकतात. एकाचे पैसे दुसऱ्याकडे.

इतवारीचा कारकून
कालपासून लोखंडी कपाटातले सभासदत्वाचे फॉर्म काढून बसलो. कूलरच्या हवेत उडतात म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर काट्याचं माप ठेवलंय. पासबुकच्या झेरॉक्स बहुतेकांच्या लागलेल्या आहेत. एका आजींची झेरॉक्स नेमकी शेवटच्या आकड्यावर दुमडलेली. त्यांचा मोबाईल नाही, लँडलाईन आहे, सात आकडी. तोच तेवढा पहिल्यापासून बरोबर होता. आत्ताच लावला, त्या पासबुक शोधायला गेल्यात, मी होल्डवर आहे.