सिम्युलेटर असताना उडत्या सांगाड्याची गरज का पडली?

चंद्रावर उतरण्याचा सराव जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये होऊ शकत असताना नासाने अपोलोच्या अंतराळवीरांना धोकादायक उडत्या सांगाड्यात, म्हणजे चंद्रावरच्या उतरणीच्या सरावासाठी बनवलेल्या उडत्या यंत्रात, का बसवले, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर गुरुत्वाकर्षणात आहे. चंद्रावर यान तरंगत ठेवायला पृथ्वीच्या मानाने एक षष्ठांशच रेटा लागतो, त्यामुळे आडवा वेग तेवढ्याच झपाट्याने कमी करायचा तर यान साधारण सहापट अधिक कलवावे लागते, आणि हेलिकॉप्टरवर बसलेली सवय तिथे उलट घात करते. म्हणून बेल कंपनीने बनवलेल्या या यंत्रात उभे बसवलेले जेट इंजिन वजनाचा पाच षष्ठांश भार पेलत असे व उरलेला भार वैमानिक हायड्रोजन पेरॉक्साइडच्या रॉकेटांनी सांभाळत असे. सिम्युलेटरमध्ये चूक झाली तर बटण दाबून पुन्हा सुरुवात करता येते. इथे ती सोय नव्हती, आणि माझ्या मते खरा फरक तोच आहे.

६ मे १९६८ रोजी ह्यूस्टनजवळच्या एलिंग्टन तळावर नील आर्मस्ट्राँग यांच्या यंत्राचे नियंत्रण सुटले. जेमतेम दोनशे फुटांवरून ते आसनासह बाहेर फेकले गेले, पॅराशूटने उतरले आणि त्याच दिवशी (जीभ चावली गेली होती, तेवढेच!) आपल्या कचेरीत कामाला बसले. अशा पाच यंत्रांपैकी तीन कोसळली, तिन्ही वेळा वैमानिक वाचले. वरिष्ठांना हा सराव बंद करायचा होता. तो चालू राहावा असा आग्रह अंतराळवीरांचाच होता.