पावसात पाहिलेला कॉन्स्टेबलचा प्रदेश : आपापले अनुभव लिहावेत

जॉन कॉन्स्टेबल (१७७६–१८३७) हा चित्रकार आयुष्यात कधी इंग्लंडबाहेर गेला नाही. त्यामुळे त्याने रंगवलेल्या बहुतेक जागा मोटारीने चार-पाच दिवसांत पाहून होतात. आमचा हा प्रवास सगळाच्या सगळा पावसात झाला आणि त्याचे मला जराही वाईट वाटले नाही. ज्यांनी या जागा पावसात पाहिल्या असतील, त्यांनी तिथे नेमके काय दिसले ते लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मी करते.

लंडनहून ए-१२ रस्त्याने सफकमधील ईस्ट बर्गहोल्ट या त्याच्या जन्मगावी पोहोचेपर्यंत काचेवरचे वायपर एकदाही थांबले नव्हते. गावातून अरुंद रस्त्याने फ्लॅटफर्डला उतरले, की स्टाउर नदीकाठी त्याच्या वडिलांची गिरणी आणि तिच्याजवळच विली लॉटचे घर लागते. ‘द हे वेन’ (१८२१) या चित्रात डावीकडे दिसते तेच हे घर. मूळ चित्र मी नॅशनल गॅलरीत अनेकदा पाहिले होते, तरी त्यातला विस्तीर्ण वाटणारा जलाशय प्रत्यक्षात इतका लहान असेल, अशी कल्पना नव्हती. पण मला सांगायचे आहे ते पानांविषयी. कॉन्स्टेबल पानांवर आणि पाण्यावर पांढऱ्या रंगाचे बारीक ठिपके देत असे आणि त्याच्या काळचे टीकाकार त्यांना ‘कॉन्स्टेबलचा बर्फ’ म्हणून हिणवत. मलाही ते ठिपके नेहमी थोडे जास्तच वाटत आले होते. त्या दिवशी सर ओसरली, ढगांतून अर्धा मिनिट ऊन पडले, आणि काठावरच्या झाडाच्या प्रत्येक पानाच्या टोकाशी थांबलेला थेंब पांढराशुभ्र चमकला. हिरवा रंग जणू मागे सरला आणि पुढे फक्त ते ठिपके उरले. त्याने जे पाहिले तेच रंगवले होते, हे मला तिथे उभे राहून पटले.

* * *

वरची विनंती वाचून मीही लिहितो. आम्ही सॉल्झबरीला गेलो होतो. ‘सॉल्झबरी कॅथीड्रल फ्रॉम द मेडोज’ हे चित्र त्याने १८३१ मध्ये प्रदर्शित केले. त्यातल्या इंद्रधनुष्याचे टोक जॉन फिशर या त्याच्या जिवलग मित्राच्या घरावर टेकते. पत्नी मारियाचा मृत्यू १८२८ मध्ये झाला होता, हे ठाऊक असले की त्या चित्रातले काळे ढग पाहताना मन जड होते. माझे बाबा निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत. कुरणातली पायवाट चिखलाने निसरडी झाली होती, म्हणून मी त्यांच्यावर छत्री धरून चालत होतो. कॅथीड्रलचा १२३ मीटर उंचीचा मनोरा समोर आला तसे ते थांबले आणि म्हणाले, “अरे, छत्री मिट. आकाश झाकलं जातंय.” पुढची दहा मिनिटे आम्ही दोघेही भिजत उभे होतो. इंद्रधनुष्य काही दिसले नाही.

* * *

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. एसेक्समधील हॅडली किल्ल्याच्या अवशेषांपाशी आम्ही गेलो, तेव्हा थेम्सच्या मुखाकडून वारा असा येत होता, की पाऊस आडवा लागत होता आणि दहा पावलांपलीकडचे दिसत नव्हते. १८२९ च्या चित्रातला तो विस्तीर्ण देखावा पाहायचा असेल, तर पाऊस थांबून ढग फाटू लागण्याची वेळ गाठावी.

* * *

लंडनमधल्याच हॅम्पस्टेडचा उल्लेख राहू नये. १८२१ आणि १८२२ मध्ये त्याने तिथल्या टेकडीवर केवळ ढगांचे अनेक अभ्यास रंगवले आणि त्यांपैकी कित्येकांच्या मागे तारीख, वेळ, वारा व हवामान यांची नोंद केली. परतीच्या दिवशी माझ्या मुलीने तिथे गाडीत बसून, मांडीवर वही ठेवून एक ढग जलरंगात काढला. खिडकी उघडी असल्यामुळे कागदावर दोन थेंब पडले आणि करडा रंग तिथे फुलून पसरला. तिने तो पुसला नाही. मागच्या बाजूला तिने लिहिले : दुपारी ३.१०, वारा पश्चिमेचा, पाऊस पुन्हा सुरू.