मार्च १९७७: निकालाआधी तुमच्या घरात लोक काय बोलत होते?

आकडे बहुतेकांना माहीत आहेत. १९७१ साली ३५२ जागा जिंकलेली काँग्रेस १९७७ मध्ये १५४ वर आली. उत्तर प्रदेशात ८५ पैकी शून्य, बिहारमध्ये ५४ पैकी शून्य. रायबरेलीत खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधी राजनारायण यांच्याकडून ५५ हजारांहून जास्त मतांनी हरल्या, शेजारच्या अमेठीत संजय गांधीही पडले. महाराष्ट्रात ४८ पैकी २० जागा काँग्रेसकडे राहिल्या.

मला आकड्यांच्या आधीचं हवं आहे. जून १९७५ पासून देशात आणीबाणी होती. १८ जानेवारी १९७७ ला निवडणूक जाहीर झाली आणि मार्चमध्ये मतदान झालं. मधल्या दोन महिन्यांत माणसं घरात, ऑफिसात, एसटीत काय बोलत होती? सत्ताधारी पक्ष इतका जोरात आपटणार हे कुणाला जाणवलं होतं का? ज्यांनी तो काळ पाहिला, किंवा ज्यांच्या घरात त्याच्या आठवणी निघतात, त्यांनी जरूर लिहा. काँग्रेसला मत दिलेल्यांनीही लिहा, ती बाजू फार कमी वाचायला मिळते.

निवृत्त शिक्षिका, सोलापूर जिल्हा

आम्हा शिक्षकांना नसबंदीच्या ‘केसेस’ आणायचं टार्गेट होतं. केस नाही तर पगार नाही. माझ्या एका सहकाऱ्याचा पगार असाच अडला होता आणि त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. तो शनिवारी सायकल घेऊन वाड्यावस्त्यांवर फिरायचा, लोकांच्या हातापाया पडायचा. शिक्षक दिसला की माणसं मागच्या दारानं शेतात पळायची. मुलांच्या हजेरीवरही परिणाम झाला, कारण गुरुजी घरी येतील याचीच आईबापांना धास्ती.

स्टाफरूममध्ये यावर कोणी चकार शब्द काढत नसे. हेडमास्तर आले की विषय हवापाण्यावर. त्यामुळे लोक चिडलेत हे मला कुणी सांगितलं नाही, मतदानाच्या दिवशी मी ते पाहिलं. माझी निवडणूक ड्युटी होती, बोटाला शाई लावायचं काम. केंद्र उघडायच्या आधीच बायकांची रांग लागलेली. एक म्हातारी मतपत्रिका हातात घेऊन विचारत होती, “नांगरवाला कुठला?” जनता पक्षाचं चिन्ह होतं चक्रातला नांगरधारी शेतकरी. अधिकाऱ्यानं सांगितलं, “आजी, असं मोठ्यानं बोलायचं नसतं, तिकडं आत जाऊन शिक्का मारा.” ती म्हणाली, “लई दिस बारीक बोललो, बाबा.” आणि आडोशामागे गेली. अधिकारी खाली मान घालून यादी बघत बसले, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मला दिसत होतं.

गोरेगाव, मुंबई

आमच्याकडे मृणाल गोरे उभ्या होत्या. पाण्याच्या आंदोलनांमुळे त्या सगळ्या उपनगरात ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या जायच्या. आणीबाणीत तुरुंगात होत्या, सुटल्या त्या थेट प्रचारालाच लागल्या. पैसा नव्हताच. सभा संपली की पोरं चादर घेऊन गर्दीतून फिरायची आणि लोक नाणी, नोटा टाकायचे. आमच्या चाळीतल्या एका काकूंनी पदराची गाठ सोडून त्यातली घडी केलेली नोट चादरीत टाकली, ते मी शेजारी उभं राहून पाहिलं. मी तेव्हा शाळेत होतो, चादरीचं एक टोक माझ्या हातात होतं.

मुंबईच्या सहाही जागा काँग्रेसनं गमावल्या. नंतर महिनोन्महिने एकच घोषणा ऐकू यायची: पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में!

मिसाबंदीचा मुलगा, पुणे

वडील ‘मिसा’खाली, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवायच्या कायद्याखाली, येरवड्याच्या तुरुंगात होते. घरी आलेल्या पत्रांवर सेन्सॉरचा शिक्का असायचा आणि मधल्या ओळी काळ्या केलेल्या असायच्या. आई ते पत्र खिडकीच्या उजेडात धरून काळ्याखालचं वाचायचा प्रयत्न करायची. शेजारचे लोक वाईट नव्हते, पण घाबरलेले होते. आमच्याकडे येणंजाणं थांबलं होतं. दूधवाला मात्र उधारीवर दूध घालत राहिला, त्याचे उपकार आई शेवटपर्यंत बोलून दाखवायची.

वडील सुटून आल्यावर पहिल्याच आठवड्यात बदल दिसला. आधी रात्री अंधार पडल्यावर लोक येऊ लागले, मग दिवसाढवळ्या. पु. ल. देशपांडे प्रचाराच्या सभांतून बोलत होते, त्यांना ऐकायला माझे मामा पायपीट करत गेले. मामा सरकारी नोकर, आयुष्यात कुठल्या सभेला न गेलेले. त्या रात्री परत आल्यावर ते वडिलांना म्हणाले, “भावजी, पाडणार बहुतेक लोक.” बहुतेक हा शब्द त्यांनी नोकरीखातर घातला असावा.

निकालाच्या रात्री आम्ही वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर होतो. तिथे फळ्यावर खडूनं आकडे लिहीत. रायबरेलीची पिछाडी लिहिली तेव्हा लोकांनी ओरडून विचारलं, “नक्की का?” लिहिणाऱ्यानं मान हलवली. मग जो जल्लोष झाला तो मी नंतर कुठल्याही निकालाला पाहिला नाही. पुण्यातून मोहन धारिया निवडून आले. चंद्रशेखर यांच्यासारखेच तेही काँग्रेसमध्ये असताना आणीबाणीला विरोध करून तुरुंगात गेलेले, म्हणून आमच्या घरात त्यांच्याबद्दल वेगळाच आदर होता.

काँग्रेस कार्यकर्त्याची मुलगी, सातारा जिल्हा

आमचे आबा तालुक्याचे काम बघायचे. सातारा राहिलं, यशवंतराव चव्हाण निवडून आले, पण बारामतीतून संभाजीराव काकडे जनता पक्षाकडून आल्यावर आबा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

त्यांचं म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं म्हणून लिहिते. आबा सांगायचे, खालची खबर आम्हाला होती. नसबंदीवरून गावं बिथरलीत, हे आम्ही कळवलंही. पण वर गेल्यावर जो तो “उत्तम चाललंय” एवढंच सांगायचा, कारण वाईट बातमी आणणाऱ्याच्या निष्ठेवरच संशय घेतला जायचा. पेपर सेन्सॉर झालेले, त्यात सरकारचं कौतुकच छापून यायचं आणि तेच वाचून नेते खूश. विरोधकांना गप्प करताना आपल्याच कार्यकर्त्यांना गप्प केलं, हे आबांचं दुखणं होतं. पराभवापेक्षाही ते त्यांना जास्त लागलं होतं. तरी त्यांनी पक्ष सोडला नाही. २ फेब्रुवारीला केंद्रीय मंत्री जगजीवनराम काँग्रेसमधून बाहेर पडले तेव्हा घरी खूप चर्चा झाली. आबा एवढंच म्हणाले, “बाबूजींनी हे दीड वर्ष आधी करायला हवं होतं.”

मराठवाडा

आमची आजी निकालाच्या दिवशी रडली. आम्ही भूमिहीन. आणीबाणीतल्या सरकारी वीस कलमी कार्यक्रमात सावकाराच्या कर्जातून सूट मिळाली, घराला जागा मिळाली, आणि आजीच्या लेखी ते सगळं ‘इंदिराबाईनं’ दिलं होतं. गावात गुलाल उधळला गेला तो मुख्यतः वरच्या आळीत. आमच्याकडे दिवे लवकर मालवले. तुरुंगातल्या माणसांचे हाल मी मोठा झाल्यावर वाचले आणि मला पटले. पण आजीचं रडणं खोटं होतं असं कोणी म्हणू नये.

हैदराबादला वाढलेला मराठी माणूस

आमच्याकडे भूकंप झालाच नाही. आंध्रात ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसच्या. उरलेली एक नंद्यालची, तिथून नीलम संजीव रेड्डी आले आणि त्याच वर्षी राष्ट्रपतीही झाले. नागपूरची आत्या फोनवर आनंदानं ओरडत होती आणि बाबा तिला विचारत होते, अगं पण झालंय काय? सक्तीच्या नसबंदीचा जाच उत्तरेत जसा झाला तसा आमच्या भागात जाणवला नव्हता. ‘देशानं नाकारलं’ असं सरसकट लिहिलेलं वाचलं की मला बाबांचा तो प्रश्न आठवतो.

वय २६, नाशिक

माझं स्वतःचं काही नाही, आजोबांचं सांगते. ते शेतकरी. १९७७ ला त्यांनी जनताला मत दिलं आणि जानेवारी १९८० मध्ये पुन्हा काँग्रेसला. तेव्हा इंदिराबाई ३५३ जागा घेऊन परत आल्या. असं का केलं म्हणून मी मुद्दाम विचारलं. म्हणाले, “पहिल्यांदा धाक घालवायचा होता, तो गेला. मग ह्यांची भांडणं काही मिटेनात आणि कांद्याचा पार घोळ झाला.” दोन्ही वेळा कुणाला मत देणार ते त्यांनी आजीलासुद्धा सांगितलं नव्हतं. आजी शेजारीच होती. ती म्हणाली, “मी तरी कुठं सांगितलं?”