स्टील 'तन्य'चं 'ठिसूळ' होतं, याला साधा शब्द?

दुपारचा_चहा: गॅस पाइपलाइनच्या स्टीलवरचं मॅन्युअल मराठीत करतेय. थंडीत हे स्टील ताणून फाटायचं सोडून काचेसारखं तडकतं. मी 'तन्य भंग' नि 'ठिसूळ भंग' लिहिलं, तर वेल्डिंगचा सुपरवायझर म्हणतो, मॅडम, हा कुठला शिवधनुष्याचा भंग?

रात्रपाळी: तन्य म्हणजे तार ओढता येते ते, शाळेत तरी तेच होतं. मी लॅबला होतो, चार्पी टेस्टला, म्हणजे धक्क्याने तुकडा तोडून बघायच्या चाचणीला, 55 मिलिमीटर लांब तुकडा, मधे 2 मिलिमीटरची खाच, वरून लोलकाचा हातोडा. साधा तुकडा तुटला की तोंड मळकट करडं नि कडा ओढलेल्या, ड्राय आइस घातलेल्या स्पिरिटातून काढलेला मात्र साखरेसारखा चमचमतो. आमचा हेल्पर एकाला 'फाटला' म्हणायचा, दुसऱ्याला 'तडकला', झालं की.

मावळतीकर: हेल्परच्या बोलीत मॅन्युअल लिहायचं का आता? तन्य चांगला शब्द आहे, तन् धातू, तंतू, ताणा, तनय, सगळी भावंडं.

रात्रपाळी: तनयला पाइपलाइनवर नका पाठवू.

शेंगदाणा: चिक्कीचा पाक बघा ना, गरम असला की तार धरतो, गार पाण्यात टाकला की टक्कन मोडतो.

रात्रपाळी: पाक गोठून काच होतो हो. स्टील आधीच घट्ट, थंडीत त्याच्या आतले थर एकमेकांवरून घसरत नाहीत म्हणून स्फटिकच चिरतात. फाटणारी चीर हळू जाते, तिच्याआधी गॅसचा दाब उतरतो, तडकणारी दाब उतरायच्याही आधी पुढे पळते. अमेरिकेत 1960 साली एक चीर अशी सुमारे 13 किलोमीटर गेली. आता वजन टाकून तुकडा तोडतात आणि तुटलेल्या तोंडाचा निदान 85 टक्के भाग 'फाटलेला' मागतात. म्हणून म्हणतो, फाटणे-तडकणे.

बिडाचा_तवा: आमच्याकडे ठिसूळ फक्त हाडं नि मुरूम. तापवलेला विळा पाण्यात बुडवताना पाणी जास्त झालं तर लोहार म्हणायचा 'कडक झालाय, तुटंल'. पाणी पाजायचं ना, त्यावरूनच पाजळणे.

मावळतीकर: काहीही! पाजळणे प्रज्वलनावरून, दिवा पाजळतात तो काय पाणी पाजून?

बिडाचा_तवा: आणि तलवार पाजळतात ती काय पेटवून?

दुपारचा_चहा: अहो, मॅन्युअल सोमवारी द्यायचंय.

शेंगदाणा: तलवार परजतात ना पण?