ग्राफिक्स ड्रायव्हर कंपाइल होतो, पण कर्नल तो स्वीकारत नाही : मदत हवी आहे

नमस्कार.

कसबा पेठेतल्या एका दोन चौकी वाड्याची मोजमापे घेऊन त्याचे त्रिमितीय प्रारूप ब्लेंडरमध्ये उभे करण्याचे काम मी गेले चार महिने करत आहे. वाडा उतरवण्यापूर्वी त्याचे सुरूचे खांब, तक्तपोशी आणि महिरपींवरची केळफुलाची नक्षी यांची नीट नोंद राहावी, अशी मालक कुटुंबाची इच्छा आहे आणि माझीही तितकीच आहे. ग्राफिक्स कार्ड चालू होते तेव्हा पहिल्या चौकाचे एक चित्र पंचवीस मिनिटांत तयार होत असे. आता केवळ प्रोसेसरवर त्याच चित्राला अख्खी रात्र लागते.

संगणकावर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली आहे आणि कार्ड एनव्हिडियाचे जीटीएक्स १०५० टीआय आहे. ६.२.०-३९ हा कर्नल (लिनक्सचा गाभा) होता तोवर ५३५ मालिकेचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) विनातक्रार चालत होता. मागच्या गुरुवारी अपडेट सुरू असतानाच वीज गेली. संगणकाच्या खोलीला इन्व्हर्टर जोडलेला नाही, ही उणीव माझ्याच व्यवस्थेतली आहे. वीज आल्यावर संगणक ६.५.०-१४ या नव्या कर्नलवर सुरू झाला, पडदा १०२४ बाय ७६८ वर आला आणि 'एनव्हिडिया-एसएमआय' ही आज्ञा ड्रायव्हरशी संपर्क होत नाही एवढेच सांगू लागली.

तेव्हा मी ड्रायव्हरची 'डॉट रन' फाइल उतरवून चालवली. चालू कर्नलचा सोर्स (मूळ संहिता) सापडत नाही, असे सांगून ती थांबली. 'यूएसआर'मधील 'एसआरसी' फोल्डर उघडून पाहिले, तर तिथे फक्त ६.२.०-३९ ची हेडर (ड्रायव्हर कंपाइल करायला लागणाऱ्या कर्नलच्या फायली) होती. नवा कर्नल बसला होता, पण त्याची हेडर बसायच्या आतच वीज गेली होती, हे मला तिथे कळले.

यापुढे मी जे केले ते बहुधा चुकीचे होते, म्हणून तपशील देतो. एका परिचितांच्या सांगण्यावरून मी कर्नल डॉट ऑर्गवरून लिनक्स ६.५ चा सोर्स आणला, बूट फोल्डरमधील ६.५.०-१४ ची कॉन्फिग फाइल (कर्नल बांधण्याच्या पर्यायांची यादी) त्यात ठेवली, त्यातील प्रमाणपत्रांची ओळ रिकामी केली आणि संपूर्ण कर्नल कंपाइल केला. त्यातच दुपारची संध्याकाळ झाली. मग सोर्सचा हाच मार्ग इन्स्टॉलरला दिला. ड्रायव्हर एकही त्रुटी न येता कंपाइल झाला आणि मला वाटले की काम झाले. पण मोडप्रोब (मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा भाग, चढवणारी आज्ञा) दिल्यावर 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' असा संदेश आला. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) पाहिले, तर मॉड्यूलवर व्हर्जन मॅजिक (ते कोणत्या कर्नलसाठी बांधले त्याची खूण) ६.५.० असे होते आणि चालू कर्नलला ६.५.०-१४-जेनेरिक हवे होते.

फरक केवळ नावाचा आहे असे समजून मी मेकफाइलमधील 'एक्स्ट्राव्हर्जन'च्या ओळीत '-१४-जेनेरिक' लिहिले आणि सगळे पुन्हा कंपाइल केले. या वेळी व्हर्जन मॅजिक जुळले, पण डीमेसेजमध्ये 'मॉड्यूल लेआउट' या सिम्बॉलच्या (कर्नलने मॉड्यूलसाठी उघड्या ठेवलेल्या नावाच्या) व्हर्जनशी ड्रायव्हर सहमत नाही, अशा अर्थाची नवी ओळ उमटली. मी तिथेच थांबलो आहे.

सिक्युअर बूट (सही नसलेली मॉड्यूले अडवणारी व्यवस्था) बंद आहे, हे मोकयुटिल या आज्ञेने तपासले आहे. नूवो हा मुक्त ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट केलेला आहे आणि त्यानंतर इनिटरॅमएफएस (संगणक सुरू होताना लागणारी छोटी फाइल-प्रणाली) नव्याने तयार केले आहे. जुन्या कर्नलवर परत जाऊनही पाहिले; पण 'डॉट रन' इन्स्टॉलरने लायब्ररी वेगळ्या आवृत्तीच्या बसवल्या असल्याने तिथे आता एपीआय (लायब्ररी आणि ड्रायव्हर यांच्यातील जोडणी) जुळत नसल्याची तक्रार येते.

नाव जुळले, कॉन्फिग फाइल जुळली, तरीही सोर्स जुळत नाही, असे का होते, हे मला समजून घ्यायचे आहे. मोडप्रोबला सक्तीचा पर्याय देऊन मॉड्यूल चढवणे सुरक्षित आहे का? आणि वाड्याच्या फायली याच डिस्कवर असल्यामुळे, संपूर्ण प्रणाली नव्याने न बसवता यातून बाहेर पडण्याचा मार्ग आहे का? कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

नमस्कार. आपण प्रत्येक टप्पा क्रमाने लिहिलात, त्यामुळे निदान करणे सोपे झाले आहे. सक्तीचा पर्याय कृपया वापरू नका. त्याचे कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातच आहे.

उबुंटूचा ६.५.०-१४ आणि कर्नल डॉट ऑर्गवरचा ६.५ हे एकाच घराण्यातले असले तरी एकच नव्हेत. उबुंटूची मंडळी मूळ सोर्सवर आपले पॅच चढवतात, आणि '-१४' हा आकडा त्यांच्या बांधणीचा आहे. कर्नल बाहेरच्या मॉड्यूलना जी फंक्शने उघडी ठेवतो, त्यांतील प्रत्येकाच्या व्याख्येवरून कंपाइल करतानाच एक चेकसम (पडताळणीचा आकडा) काढली जाते आणि 'मॉड्यूल डॉट सिमव्हर्स' या फाइलमध्ये नोंदली जाते. एखाद्या स्ट्रक्चरमध्ये (माहितीच्या रचनेत) एकच फील्ड (खाना) वाढले तरी चेकसम बदलते. मेकफाइलमध्ये तुम्ही नाव बदललेत, पण चेकसम तुमच्या सोर्समधूनच निघाल्या. सक्तीने मॉड्यूल चढवले तर ही पडताळणी टळेल, पण पुढची फील्ड सरकलेलीच राहतील आणि ड्रायव्हर भलत्याच जागी लिहील. कर्नलच्या आत चालणाऱ्या मॉड्यूलने असे केले, तर डिस्कवरच्या फायलींनाही धोका पोहोचू शकतो. चार महिन्यांचे काम त्याच डिस्कवर आहे, म्हणून आधी त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या.

त्यानंतर 'डॉट रन' फाइल अनइन्स्टॉलच्या पर्यायासह चालवून तिने बसवलेले सर्व काही काढून टाका. वीज गेल्यामुळे अर्धवट राहिलेली पॅकेजे 'डीपीकेजी'च्या कॉन्फिगर आज्ञेने पुरी करा आणि मग ६.५.०-१४-जेनेरिकची हेडर उबुंटूच्याच भांडारातून एपीटी या आज्ञेने घ्या. ती घेतल्यावर 'लिब-मॉड्यूल्स'मध्ये चालू कर्नलच्या नावाच्या फोल्डरात 'बिल्ड' नावाचा दुवा नेमका कुठे जातो ते डोळ्यांनी पाहा. तो तुमच्या सोर्स फोल्डरकडे जात असेल, तर पुढचे सगळे पुन्हा चुकेल. शेवटी ५३५ चा ड्रायव्हर एपीटीनेच बसवा, म्हणजे कर्नल बदलेल तेव्हा डीकेएमएस तो आपोआप कंपाइल करील. मात्र त्यालाही त्या कर्नलची हेडर लागतातच, म्हणून हेडरचे मेटापॅकेज (नव्या कर्नलची हेडर आपोआप आणणारे पॅकेज) बसवलेले असू द्या.

धागाकर्ता :

मनापासून आभार. प्रत आधी घेतली आणि मग सांगितलेल्या क्रमानेच सगळे केले. 'बिल्ड'चा दुवा खरोखरच माझ्या सोर्स फोल्डरकडे जात होता. पहिल्या दिवशी मीच तो हाताने तयार केला होता आणि इथे लिहायला विसरलो. हेडर बसल्यावर तो योग्य ठिकाणी जाऊ लागला आहे. परंतु डीकेएमएस आता कंपाइल करतानाच थांबते. मेक डॉट लॉगमध्ये जीसीसी (कंपाइल करणारा प्रोग्राम) म्हणते की '-एफट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट=झीरो' हा पर्याय तिला ओळखता येत नाही. माझ्या आधीच्या सोर्सवर ही त्रुटी कधीच आली नव्हती.

प्रतिसाद :

ही त्रुटी पाहून मला उलट बरे वाटले, कारण आता हेडर खरी आहेत. तो पर्याय जीसीसी १२ पासून आला आणि २२.०४ मध्ये मूळची जीसीसी ११ आहे. 'प्रॉक' फोल्डरमधील 'व्हर्जन' फाइल वाचलीत, तर चालू कर्नल जीसीसी १२ ने बांधला असल्याचे दिसेल. तुम्ही स्वतः कर्नल कंपाइल केला तेव्हा कॉन्फिगने जीसीसी ११ ची कुवत पाहून तो पर्याय गाळला होता, म्हणून त्रुटी दिसली नाही. हेही चेकसम न जुळण्याला हातभार लावणारे एक कारण असू शकते. जीसीसी-१२ हे पॅकेज बसवा, अपडेट-अल्टरनेटिव्ह्जने ते मुख्य कंपायलर म्हणून नेमा आणि डीकेएमएसला पुन्हा बांधणी करायला सांगा.

धागाकर्ता :

जीसीसी १२ नेमल्यावर डीकेएमएस पहिल्याच प्रयत्नात पार पडले. संगणक पुन्हा सुरू केला, पडदा पूर्ण आकारात आला आणि 'एनव्हिडिया-एसएमआय'ने कार्डाचे नाव व तापमान दाखवले. मोडइन्फो या आज्ञेने दाखवलेले मॉड्यूलचे व्हर्जन मॅजिक आणि चालू कर्नलचे नाव सांगणाऱ्या 'युनेम -आर'चे उत्तर दोन खिडक्यांत शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिले, ते जुळते.

आत्ताच महिरपीवरच्या केळफुलाचे चित्र काढायला लावले होते, ते चोवीस मिनिटांत पूर्ण झाले आणि पाकळ्यांच्या खाचांतली सावलीही नीट उतरली आहे. ६.२.०-३९ हा कर्नल आणि त्याची हेडर मी अजून काढलेली नाहीत. दुसऱ्या चौकाची चित्रे पूर्ण झाल्यावरच काढीन. माझे स्वतः कंपाइल केलेले सोर्स फोल्डर मात्र आजच पुसून टाकले आहे.